विलायती तारेचे तीन मार्ग आणि मुंबईचा कापूस-व्यापार

व्यापारी पेढीने दूरदेशाशी संपर्क राखण्यासाठी उपलब्ध साधनांपैकी कोणते पत्करावे, हा प्रश्न आंतरजालाबरोबरच जन्मास आला, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः मुंबईच्या पेढ्यांपुढे तो १८७० सालीच स्पष्ट स्वरूपात उभा राहिला होता. तारायंत्राने अंतर कसे नाहीसे केले, याचे वर्णन आपल्या इतिहासग्रंथांतून बरेच येते. परंतु तार एक नव्हती, अनेक होत्या, आणि त्यांतून निवड करताना व्यापाऱ्याने कशाला महत्त्व दिले, याची चिकित्सा त्या मानाने कमी होते. प्रस्तुत निबंधात एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली पहिली तार लवकरच निकामी झाली. तिच्या भागधारकांना दिलेल्या हमीपोटी सरकारला पुढे पन्नास वर्षे दरसाल ३६,००० पौंड भरीत बसावे लागले. या अनुभवामुळे दुसरा प्रयत्न सावधपणे झाला. १८६४ मध्ये ग्वादरपासून मुसंदम व बुशहरमार्गे फाओपर्यंत इराणच्या आखातात सरकारी तार टाकण्यात आली, आणि १८६५ च्या आरंभी ती बगदादमार्गे तुर्कस्तानच्या जमिनीवरील तारेस जोडली गेली. वीस शब्दांच्या संदेशास पाच पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे पन्नास रुपये, पडत.

एवढी रक्कम मोजून व्यापाऱ्याच्या पदरी काय पडले? आगबोटीने येणाऱ्या पत्रास सुमारे चार आठवडे लागत. त्या मानाने तार कितीतरी लवकर येई. परंतु तिला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नसे. एखादी तार काही दिवसांत पोहोचे, एखादी कित्येक आठवडे वाटेत रेंगाळे. क्रमाने धाडलेल्या दोन तारा उलट क्रमाने हाती पडत. वाटेवरच्या ठाण्यांवरील कारकुनांना इंग्रजी येत नसल्यामुळे शब्दांची मोडतोड होई, आणि आकड्यांची तर विशेषच. १८६६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे याच तक्रारी मांडण्यात आल्या. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपून कापसाचे भाव कोसळले, त्या वर्षी मुंबईच्या बाजारास असल्या संपर्काचा आधार कितपत मिळाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

१८७० हे वर्ष या दृष्टीने निर्णायक होय. सीमेन्स बंधूंच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडो-युरोपियन कंपनीचा मार्ग त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस खुला झाला. लंडनहून एमडेन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस व तेहरान असा तो मार्ग होता. संपूर्ण मार्गावर एकाच कंपनीची यंत्रे व एकाच शिस्तीची माणसे, हे त्याचे वैशिष्ट्य. १२ एप्रिलच्या प्रात्यक्षिकात लंडनचा संदेश २८ मिनिटांत कलकत्त्यास पोहोचला. त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय आगबोटीने मुंबई ते एडन समुद्रतार टाकली, आणि जूनमध्ये सुएझ, माल्टा व जिब्राल्टरमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. जॉन पेंडर यांच्या या कंपन्या १८७२ मध्ये 'ईस्टर्न टेलिग्राफ' या नावाखाली एकत्र आल्या. अशा रीतीने तुर्की, तेहरानी आणि सागरी असे तीन मार्ग उपलब्ध झाले. कोणत्या मार्गाने तार जावी हे तार धाडणाऱ्यास नमूद करता येई.

या तिन्ही मार्गांतील खरा भेद वेगाचा नव्हता, तर संपर्क कसा तुटतो याचा होता. जमिनीवरील तार वारंवार तुटे. इराणात तर खांबांवरील चिनी मातीच्या टोप्या नेमबाजीच्या सरावास उपयोगी पडत. परंतु दुरुस्तीस घोडेस्वार पाठविला की पुष्कळदा भागे. समुद्रतार क्वचितच बिघडे. मात्र बिघडली की खास आगबोट नेऊन तळातून ती वर काढावी लागे. सागरी अंशाचा हा धोका सीमेन्स कंपनीलाही चुकला नाही. काळ्या समुद्रातील तिची तार १८७० च्या जुलैमध्येच भूकंपाने तुटली, व तो तुकडा पुढे किनाऱ्याने जमिनीवरून न्यावा लागला.

पुढील काळात तुर्की मार्ग स्वस्त असूनही मागे पडला. मुंबईचा व्यापारी पैशाच्या बाबतीत उदार होता, असे यावरून समजण्याचे कारण नाही. त्याने काटकसर केली ती मार्गात नव्हे, तर शब्दांत. १८७० नंतरच्या दशकात सांकेतिक कोशांचा प्रसार झाला. माल, प्रत, भाव व बोटीचा महिना एवढा मजकूर एका शब्दात सामावू लागला. ज्यांना स्वतःचा कोश व विलायतेतील अडत्या परवडत नसे, अशांचे संदेश रॉयटर संस्था १८७१ पासून आपल्या संकेतात बांधून धाडू लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साध्या भाषेतील तारेत एक अक्षर चुकले तर वाचणारा ते सुधारून घेऊ शकतो. सांकेतिक शब्दात एक अक्षर बदलले की दुसराच भाव, दुसराच माल. म्हणजे संकेताने खर्च जितका घटला, तितकी बिनचूक मार्गाची गरज वाढली. स्वस्त कोश आणि स्वस्त मार्ग या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नव्हत्या.

याचा परिणाम व्यापाराच्या पद्धतीवरही झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पूर्वी कापूस लिव्हरपूलला विक्रीसाठी पाठवून मिळेल तो भाव पत्करावा लागे. तारेवर भरवसा ठेवता येऊ लागल्यावर माल हलण्यापूर्वीच सौदा ठरविणे शक्य झाले. दोन्ही टोकांस स्वतःची कचेरी व स्वतःचा कोश असणाऱ्या व्होल्कार्ट किंवा राली यांच्यासारख्या पेढ्यांना हे विशेष साधले. देशी अडत्याचे स्थान दुबळे होण्यास केवळ भांडवलाची उणीव कारण होती असे मानणे मला अपुरे वाटते.

व्यापाऱ्याचे दरांबाबतचे स्वातंत्र्य मात्र अल्पजीवी ठरले. १८७८ मध्ये ईस्टर्न, इंडो-युरोपियन व हिंदुस्थान सरकारचे तारखाते यांनी उत्पन्न एकत्र करून वाटून घेण्याचा करार केला. आखातातील तार सरकारचीच असल्यामुळे दर चढे राहण्यात सरकारचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. मार्ग दोन, पण गल्ला एक.

पुढे बिनतारी संदेशवहनाच्या बाबतीत हेच घडले. २३ जुलै १९२७ रोजी खडकीचे प्रक्षेपणकेंद्र व दौंडचे ग्रहणकेंद्र यांच्या साहाय्याने इंग्लंडशी बीम पद्धतीची सेवा सुरू झाली. तिचे दर तारेपेक्षा कमी असल्यामुळे केबल कंपन्यांचे ग्राहक झपाट्याने तिकडे वळले. त्यावर योजलेला उपाय विलीनीकरणाचा होता: १९२९ मध्ये साम्राज्यातील तार व बिनतारी एका कंपनीत आल्या, १९३१ मध्ये जुनी इंडो-युरोपियन कंपनी गुंडाळली गेली, आणि १९३२ मध्ये हिंदुस्थानातही रेडिओ व केबल यांची एकच कंपनी झाली. १९४७ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

सागरी मार्ग मात्र टिकला. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ प्रकाशतंतूंच्या दोन समुद्रतारा तुटल्या, तेव्हा भारतातील आंतरजाल-सेवा मंदावली. दोन वेगळ्या तारांवर विसंबून निर्धास्त राहिलेल्यांनाही त्याची झळ लागली, कारण त्या दोन्ही तारा इजिप्तच्या त्याच किनाऱ्यावरून जात होत्या.