बाळ रडलं नाही: धारणी ते अमरावती, सहा तास

हा कुण्या एका बाळाचा पंचनामा नाही. मेळघाटात लेकरू जन्मलं आणि रडलंच नाही, तर पुढं काय घडत जातं, त्याचा हा क्रम.

जन्माआधी. दर कळेला गर्भाशय आवळतं, वारेकडं जाणारं रक्त अडतं. दोन कळांमधल्या उसंतीत बाळ सावरतं. कळा वाढवायचं इंजेक्शन घाईनं दिलं, तर ती उसंतच जाते. म्हणून बाळाचे ठोके मोजायचे: आधी दर अर्ध्या तासानं, आई जोर करू लागली की दर 5 मिनिटांनी. मिनिटाला 110च्या खाली किंवा 160च्या वर टिकले, तर धोका.

0 मिनिट. बाळ लुळं, निळसर. पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची.

1 मिनिट. तरी श्वास नाही? अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, हवा सुरू. बहुतेक बाळं इथंच सावरतात. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2009पासून हेच शिकवतात.

10 मिनिटं. बाळाची तब्येत मोजणारे अपगार गुण अजून 5 किंवा कमी. मेंदूला झळ बसल्याची शंका बळावते.

1 तास. रक्त पुन्हा खेळू लागतं, पेशी सावरल्याशा वाटतात. ही शांतता फसवी. धारणीहून 108 रुग्णवाहिका निघते: हरिसाल, सेमाडोह, घाट, परतवाडा. अमरावतीचं डफरीन रुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर. अकोल्याकडच्या गावांना अकोल्याचं लेडी हार्डिंग रुग्णालय. वाटेत श्वास, साखर, तापमान सांभाळायचं. मे महिन्याच्या 45 अंशांत बाळ तापलं, तर मेंदूची हानी वाढते.

6 तास. पेशींची ऊर्जा दुसऱ्यांदा कोसळू लागते, झटके येतात. फिनोबार्बिटोन झटके आवरतं, गेलेल्या पेशी परत आणत नाही. श्रीमंत देशांत या मुदतीच्या आत बाळाला 33–34 अंशांवर आणून 72 तास ठेवतात. त्यानं मृत्यू आणि अपंगत्व घटतं. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 7 रुग्णालयांत, त्यांत मुंबईचं शीव रुग्णालय, 408 बाळांवर हाच उपचार तपासला. 2021चा निकाल उलटा लागला: थंड ठेवलेल्यांपैकी 42 टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी 31. या देशांतल्या बऱ्याच बाळांची हानी जन्माआधीच, लांबलेल्या कळांत सुरू झालेली असावी, असा संशोधकांचा कयास.

72 तासांनंतर. दूध ओढतं का, नजर स्थिरावते का, पुढं मान धरतं का, हे पाहत राहायचं. फिजिओथेरपी लवकर सुरू करायची. आणि हानी कळांतच सुरू होत असेल, तर जिल्ह्याचा निधी वाटताना बाळ थंड करण्याच्या यंत्राआधी धारणीच्या रात्रपाळीला ठोके मोजणारी, अंबू बॅग सफाईनं चालवणारी सिस्टर द्यायची.