गिरिस्थाने : शासकीय भूमिधोरण व पर्यटक-निवास

गिरिस्थाने : हवापालट, विश्रांती व पर्यटन यांसाठी डोंगरमाथ्यावर वसविलेली वसतिस्थाने. महाराष्ट्रात सह्याद्रीवरील महाबळेश्वर, पाचगणी व माथेरान ही यांपैकी प्रमुख होत. या स्थळांचा इतिहास हा मुख्यतः शासनाने तेथील जमीन कोणाला, कशासाठी व कोणत्या अटींवर दिली याचा इतिहास आहे.

सुरुवात : १८२४ मध्ये जनरल पीटर लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये तेथे आरोग्यधाम उभारण्याचे ठरविले. पठार सातारच्या छत्रपतींच्या मुलखात असल्याने १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार करण्यात आला आणि खंडाळा या गावाच्या मोबदल्यात ते कंपनी सरकारकडे आले. नव्या वस्तीस माल्कमपेठ असे नाव मिळाले. १८४२ मध्ये बांधलेल्या वेण्णा तलावामुळे पाणीपुरवठ्याची सोय झाली. पाचगणीची वसाहत जॉन चेसन याच्या देखरेखीखाली दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या परिसरात उभी राहिली. माथेरानचा माथा ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये पाहिला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने या स्थळास उत्तेजन दिले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलातून नेरळ-माथेरान हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला.

भाडेपट्ट्याची पद्धती : डोंगरमाथ्यावरील जमीन सरकारी मालकीची असल्याने बंगल्यांसाठी भूखंड बहुधा भाडेपट्ट्याने दिले गेले. त्यामुळे वस्ती विरळ राहिली, बंगल्याभोवतीचे रान टिकले आणि बांधकामावर सरकारचा अंकुश राहिला. मात्र या व्यवस्थेचा लाभ प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, संस्थानिक व मुंबईतील धनिक यांना झाला. डोंगरावर पूर्वीपासून वावरणाऱ्या धनगर, ठाकर, कातकरी इ. समाजांच्या वाट्यास मुख्यतः मोलमजुरी, ओझी वाहणे व दूध-सरपणाची विक्री हीच कामे आली. चराई व लाकूडफाटा यांवरील त्यांचा परंपरागत वहिवाटीचा हक्क वनकायद्यांनी संकुचित झाला.

स्वातंत्र्योत्तर काळ : मध्यमवर्गाच्या सहलींबरोबर हॉटेले व विश्रामगृहे वाढली. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले व त्याने अनेक स्थळी निवासस्थाने उभारली. महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे स्थानिक रहिवाशास स्वतःच्या घरात पर्यटक ठेवून उत्पन्न मिळविणे शक्य झाले. नवीन जमीन न व्यापता राहण्याची सोय वाढविणारा हा मार्ग होय. १९९६ मध्ये मात्र धोरणाने वेगळे वळण घेतले. डोंगराळ प्रदेशात खाजगी भांडवलाने नवी गिरिस्थाने वसविता यावीत म्हणून राज्य शासनाने विशेष विनियम जारी केले. त्यांनुसार १९९७ मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाले. तेथे उभ्या राहिलेल्या लवासा प्रकल्पास २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली, २०११ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली आणि २०१८ मध्ये प्रकल्पाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. भूखंडांची मागणी म्हणजेच पर्यटन नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट झाले.

पर्यावरणीय नियमन : केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी व ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान हे प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. माथेरानच्या क्षेत्रात २१४.७३ चौ. किमी. प्रदेश व त्याभोवतीचा २०० मी. रुंदीचा पट्टा समाविष्ट झाला. प्रादेशिक बृहत् आराखडा, तीव्र उतारावरील बांधकामास मनाई, झऱ्यांचे व भूजलाचे रक्षण आणि धारणक्षमतेच्या अभ्यासावर आधारित पर्यटन आराखडा ही या नियमनाची प्रमुख अंगे आहेत. धारणक्षमता म्हणजे पाणी, सांडपाणी, कचरा व रस्ते यांच्या मर्यादेत एखादे स्थळ किती माणसे सामावू शकते याचे मान. महाबळेश्वरास पावसाळ्यात विपुल पाऊस पडतो, तरी तो उतारावरून वाहून जातो. पर्यटकांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते व नेमके तेव्हाच झरे क्षीण असतात. म्हणून खोल्यांची संख्या पावसाच्या सरासरीवरून नव्हे, तर उन्हाळ्यातील पाण्यावरून ठरविणे इष्ट ठरते.

मूल्यमापन : निर्बंध कागदावर कडक असले, तरी अनधिकृत बांधकामे न्यायालयांपर्यंत गेली. दुसरीकडे, वाढत्या कुटुंबासाठी घरात एखादी खोली बांधू पाहणारा गावकरी व मोठे हॉटेल बांधणारा व्यावसायिक या दोघांना एकाच नियमाने अडविले जाते, अशी स्थानिकांची तक्रार राहिली आहे. सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांसाठी आखलेल्या नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हेच प्रश्न पुन्हा पुढे आले. ज्या डोंगरावर कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्या उगम पावतात, तेथील भूमिधोरणाचे परिणाम पायथ्याच्या शेतीपर्यंत पोहोचतात. भाडेपट्टा असो वा आराखडा, जमिनीवरील नियंत्रण टिकविणे आणि उत्पन्नाचा वाटा मूळ रहिवाशांपर्यंत पोहोचविणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, तरच गिरिस्थानांतील पर्यटन दीर्घकाळ टिकू शकते.