पावती आणि मत

इंदिरानगरात वर्गणीला फिरताना एक गोष्ट दरवर्षी लक्षात येते. पावती घेणारा प्रत्येक जण मंडळाचाच असतो असं नाही. कुणी श्रद्धेनं देतो, कुणी शेजारधर्म म्हणून, तर कुणी दारातली मंडळी लवकर जावीत म्हणून! कामगार संघटनेच्या पावतीचंही तसंच आहे. मुंबईत मात्र त्या पावतीवरूनच इतिहास घडला.

गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. ठरावीक प्रमाणात सभासद असल्याची नोंद निबंधकाकडे झाली की ती 'प्रातिनिधिक' संघटना, आणि मालकाशी करार करण्याचा अधिकार तिचाच. मतपेटी कुठेच नाही. हा मान इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवं होतं. शिवाय हा कायदा रद्द करा आणि संघाची मान्यता काढा, हीही मागणी होती. माणसं एकीकडे, कागद दुसरीकडे. सरकार कागदाला धरून राहिलं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लालबाग-परळच्या खोल्यांतून कितीतरी बिऱ्हाडं कोकणात आणि घाटावर परत गेली.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये वेगळा कायदा केला. त्यातही मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागत, म्हणजे पुन्हा पावत्याच. पण त्यातली एक तरतूद मला मोलाची वाटते. संघटनेत ये म्हणून किंवा येऊ नको म्हणून संघटनेनं कामगारावर जबरदस्ती करणं, ही तिथे अनुचित प्रथा ठरवली आहे.

आम्हा रेल्वेवाल्यांच्या वाट्याला मतपेटी आली ती २००७ मध्ये. तेव्हा संघटनांच्या मान्यतेसाठी प्रथमच गुप्त मतदान झालं. मग २०१३, आणि नंतर बऱ्याच खोळंब्यानंतर ४ ते ६ डिसेंबर २०२४. यादीत नाव, हातात ओळखपत्र, पडद्याआड शिक्का. शेषनसाहेबांनी १९९३ मध्ये फोटोच्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला होता, त्याची आठवण झाली. आमच्या एका ट्रॅकमनचं नाव यादीत एक आणि कार्डावर दुसरंच. वडिलांचं नाव आणि कर्मचारी क्रमांक जुळवून पाहण्यात अर्धा तास गेला. तोवर तो रांगेबाहेर घाम पुसत उभा. अखेर मतपत्रिका हातात पडली तेव्हा स्वारी अशी खुलली, जणू प्रमोशनच मिळालं! वर्षानुवर्षं एका संघटनेची वर्गणी त्याच्या पगारातून कापली जाते. मत त्यांनाच दिलंस का, असं मी गमतीनं विचारलं, तर नुसता हसला. त्याचं हे हसणं कुठल्याच पावतीत सापडलं नसतं.

आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. अनेक संघटना असतील तिथे मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करणार.

पण मस्टरवर कोण, हा प्रश्न उरतोच. त्या डिसेंबरात मतदान केंद्राची खोली सकाळी झाडून, पुसून, टेबलं लावून दिली ती ठेकेदाराकडच्या दोन बायकांनी. मतदार फक्त रेल्वेचे नियमित कर्मचारी. आपलं मत कुठल्या खोलीत, असं त्यांतल्या एकीनं मला कन्नडमध्ये विचारलं होतं.