गौरीच्या रात्रीची सोंगे



आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "जुन्या खेळांविषयी काही लिहा," असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हे शिकल्यासवरल्या बायकांचे काम. पण रात्री भांडी घासताना मनात आले की, आपल्या हसण्याखेळण्याचा इतिहास शिकलेल्यांनी तरी कुठे लिहिला आहे? म्हणून मला ठाऊक आहे तेवढे लिहिते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

नाटकाचा इतिहास मुलीने ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत वाचला. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्यानंतर पुष्कळ वर्षे रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यांत सर्वांत मोठे नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचे नेसणे, केशरचना, दागिने पाहून घरोघरच्या बायका तशा नटू लागल्या. म्हणजे बाईने कसे दिसावे, हे बाईने पुरुषाकडून शिकायचे! मौजच नव्हे का? बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळीसारख्या काही मंडळ्यांत बायका पुरुषांच्याही भूमिका करीत, पण घरंदाज म्हणवणारे त्यांना नावे ठेवीत. पुढे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगभूमीवर आल्या आणि चित्र पालटू लागले.

हे सारे छापलेले आहे. परंतु एक रंगभूमी त्यात राहून गेली. ती आपल्या माजघरात होती.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. भाद्रपदात गौरी जेवल्या की रात्री जागरण असे. पुरुषमंडळींना देवळाकडे पिटाळायचे, दाराला कडी घालायची आणि मग फुगडी, झिम्मा, पिंगा, घागर घुमवणे, कोंबडा असे एकेक खेळ निघत. मध्यरात्र उलटली, दम लागला, की सोंगे सुरू होत. थोरल्या काकी तलाठी होत. आजोबांचे धोतर, काकांचा फेटा आणि काजळाची मिशी. काखेत हिशेबाची वही मारून त्या प्रत्येकीपुढे उभ्या राहत आणि दरडावून विचारीत, "बोल, तुझ्या नावावर काय लिहू?" बाई गप्प. मग काकी स्वतःच मोठ्याने लिहीत, "चूल एक, पाटा एक, सासू एक!" माजघर हसून हसून लोळत असे. १९९४ साली आपल्या राज्याने आणि २००५ साली साऱ्या देशाने कायदा बदलून हिंदू घरांतल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. काकींचे सोंग त्याच्या किती तरी आधीचे.

शेजारच्या एक वहिनी दारू प्यालेल्या नवऱ्याचे सोंग करीत. झोकांडी खात यायचे, दार समजून कणगीला लाथ मारायची, चुलीवरचे कालवण उलथून टाकायचे. आम्ही पोरी पोट धरून हसत असू. वहिनींच्या घरी खरोखरच तसे चालत होते, हे मला मोठेपणी समजले. तेव्हा मोठ्या बायका हसता हसता पदराने डोळे का पुशीत, त्याचाही उलगडा झाला. दिवसा ज्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, ते वहिनी वर्षातून एकदा सगळ्यांसमोर सांगून घेत.

आता माझे स्वतःचे. १९८८ साली सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट आला. आमच्या गावात तो १९९१ च्या गणपतीत, व्हिडिओ भाड्याने आणून चावडीपुढे दाखवला. मी तेव्हा अकरा वर्षांची. मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाची. मराठी संवाद 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचे. राहायला जागा मिळावी म्हणून दोन तरुण बायका बनतात. त्यांतली पार्वती म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. पदर सावरताना, लाजताना त्यांची जी तारांबळ उडे, तिला पुरुषांपेक्षा बायकाच जास्त हसत होत्या. आपण रोज जे करतो ते किती अवघड आहे, हे कोणीतरी पुरुष करून दाखवीत होता ना!

त्या दिवसापासून मी लक्ष्याची भक्त झाले. वर्तमानपत्रातली त्याची चित्रे भाताच्या शितांनी जुन्या वहीत चिकटवली. पुढल्या गौरीला मी पार्वती केली. मुलीने पुरुष व्हायचे आणि त्या पुरुषाने बाई व्हायचे! काकींनी उठून माझी दृष्ट काढली. गावात मला "पार्वती" म्हणू लागले. मला आईवडिलांनी ठेवलेले एक नाव होते, हे मी कमावलेले दुसरे.

१९९३ साली शाळा सुटली. हायस्कूल शेजारच्या गावी, वाट ओढ्यातून. मुलीला कोण पाठवणार? १९९९ साली लग्न झाले. वही ट्रंकेच्या तळाशी गेली. सासरी मोठ्याने हसण्याची रीत नव्हती. गौरी बसत, आरती होई आणि सगळी निजत.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे वारले. वय अवघे पन्नास. बातमी ऐकली तेव्हा मी भाकऱ्या थापीत होते. डोळ्यांना खळ लागेना. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्या धावत आल्या.

"काय गं, माहेरचं कुणी गेलं का?"

"नाही आत्याबाई. लक्ष्या गेला."

"कोण लक्ष्या? तुमच्या आळीतला?"

"सिनेमातला."

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी तव्यावरची करपणारी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग रड की. हसवलं होतं ना त्यानं."

पुढल्या गौरीला रात्री आत्याबाईंनी ट्रंकेतून मामंजींचा जुना फेटा काढून माझ्यापुढे ठेवला. "माहेरी रुसलेला जावई मी करायचे. इथं आल्यावर बंद झालं," म्हणाल्या. त्यांनी शेजारणी बोलावल्या, दाराला कडी घातली. साठी ओलांडलेल्या आत्याबाई पाटावर पाठ फिरवून जावई होऊन बसल्या आणि मी पार्वती होऊन त्यांची मनधरणी केली. सहा वर्षे एका चुलीपाशी राबलो, पण आमची ओळख त्या रात्री झाली.

आत्याबाई आता नाहीत. फेटा माझ्यापाशी आहे.

आपल्या मंडळात आजही झिम्मा-फुगडी होते. व्यासपीठ असते, ध्वनिक्षेपक असतो, सगळ्यांची एकरंगी लुगडी असतात, बक्षीसही मिळते. त्याचा मला आनंदच आहे. पण समोर पाहुणे आणि फोन धरलेले हात असले की सोंगे निघत नाहीत. म्हणून माझी दोन मागणी. वर्षातून एक रात्र दाराला कडी घालून जागरण करावे. आणि मंडळाने एक वही घालावी. तीत प्रत्येकीने आपली आई, सासू, आजी, काकी यांचे नाव, गाव आणि ती कोणते सोंग करी, एवढे लिहावे. बालगंधर्वांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, ते योग्यच आहे. आपल्या माजघरातल्या नटांची नावे मात्र आपणच लिहिली पाहिजेत. वहीचा खर्च मी करीन.