पशुखाद्यातली बुरशी नराची प्रजननक्षमता कशी बिघडवते? मोबाईलने ती ओळखता येते का?

घरी पैदाशीचा वळू किंवा बोकड असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. गायी-शेळ्या पुन्हा पुन्हा उलटायला लागल्या की नराला दोष देऊन त्याला थेट बाजार दाखवला जातो. पण कधी कधी खोट त्याच्यात नसते, दोन महिन्यांपूर्वीच्या खाद्यात असते. कशी, ते सोप्या भाषेत सांगतो.

मायकोटॉक्सिन म्हणजे काय?

काही बुरशी वाढताना विष तयार करतात, तेच मायकोटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड. त्यातल्या ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीवरून विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड आणि मका यांत त्याचा धोका जास्त. दुसरं विष झिरॅलेनोन. ते फ्युझेरियम बुरशी मका-गव्हात तयार करते, बऱ्याचदा पीक शेतात उभं असतानाच.

नरावर काय परिणाम होतो?

- झिरॅलेनोन: हे मादीच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखं वागतं. डुप्लिकेट चावीने कुलूप उघडावं तसं ते शरीराला फसवतं. डुकराच्या नरात, विशेषतः कोवळ्या वयात, टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि इच्छा मंदावते. डुकराच्या शरीरात याचं आणखी तीव्र रूप बनतं, गायीबैलांत मुख्यतः सौम्य रूप. म्हणून गायवर्गाला ते जास्त सोसतं.
- अफ्लाटॉक्सिन: याचा पहिला मार यकृतावर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन घटलेलं, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी झालेली, सदोष शुक्राणू वाढलेले दिसले आहेत.

दोन महिन्यांचं गणित

वळूत शुक्राणू तयार व्हायला साधारण 61 दिवस लागतात, डुकरात 39. पुढे ते पक्व व्हायला आणखी दहाएक दिवस. म्हणजे आज वीर्य खराब निघालं तर आजचं पोतं तपासून भागत नाही, मागचं आठवावं लागतं. खाद्य बदलल्यावरही लगेच फरक दिसत नाही. तेवढा वेळ थांबा, मगच नर विकायचा की ठेवायचा ते ठरवा.

मोबाईलने विष दिसतं का?

नाही. टॉर्च मारून बुरशी दिसेल, विष दिसणार नाही. बुरशी न दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं. यूव्ही लाइटखाली मका हिरवट-पिवळा चमकला तर तो बुरशीचा फक्त इशारा असतो, आणि चमकला नाही म्हणजे माल सुरक्षित असंही नाही. उन्हात वाळवून किंवा उकळून अफ्लाटॉक्सिन जात नाही. खात्री फक्त लॅबमध्ये किंवा स्ट्रिप टेस्टने होते. विष पोत्यात सगळीकडे सारखं नसतं, म्हणून नमुना चार-पाच ठिकाणचा घेऊन एकत्र करा.

मग मोबाईल कुठे कामाला येतो?

1. प्रत्येक नव्या पोत्याच्या लेबलचा फोटो काढा. बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट दिसली पाहिजे.
2. पोतं कधी फोडलं, नर कधी लावला, मादी गाभण राहिली का उलटली, हे नोट्समध्ये लिहा.
3. शंका आली की ही नोंद डॉक्टरांना दाखवा. उष्णतेचा ताण, ब्रुसेलोसिस, वय, नराचा अतिवापर हीही कारणं असतात. नोंद असेल तर खरं कारण शोधणं सोपं जातं.

साठवताना

धान्यातला ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको. पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात एकदम जास्त माल भरू नका. बेंटोनाइट मातीचे टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगलं धरतात, पण झिरॅलेनोनवर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे बुरशी आलेली पेंड 'थोडीच आहे, चालेल' म्हणून गव्हाणीत टाकू नका. दुभत्या जनावरालाही नको, कारण अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच घरात येतं.