गेममधील व्हॉइस चॅट: टीम आणि प्रॉक्सिमिटी आवाजांचा समतोल

ऑनलाइन गेममध्ये व्हॉइस चॅटचे मुख्यतः दोन प्रकारचे चॅनेल आढळतात. टीम चॅनेलवर सहकारी नकाशावर कुठेही असला, तरी त्याचा आवाज सारखाच येतो. प्रॉक्सिमिटी चॅनेलवर मात्र खेळाडू दूर गेला की आवाज कमी होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. अनेक गेम याचीच नक्कल करतात.

म्हणून दूरचा खेळाडू ऐकू यावा यासाठी सगळाच आवाज वाढवला, तर टीमचे बोलणे कानठळ्या बसवते आणि शत्रूच्या पावलांची चाहूल त्यात बुडते.

आधी गेमचा आवाज पावले ऐकू येतील इतका ठेवावा. मग टीमचे बोलणे समजेल, पण पावले झाकणार नाही, अशी पातळी निवडावी. प्रॉक्सिमिटीचा वेगळा स्लायडर असल्यास तो जवळ उभ्या असलेल्या खेळाडूच्या आवाजावरून ठरवावा. दूरचा आवाज मंद येणे हीच अंतराची खूण असते. एखाद्याचाच माइक मंद असेल, तर डिस्कॉर्डवर फक्त त्याचा आवाज २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये; मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. त्यामुळे हवा तो आवाज वाढवण्याआधी नको तो कमी करावा.