बंद वही

५ नोव्हेंबर २०२५ला सकाळी आमच्या सेक्टर ६मधून बरीच मंडळी नवा रायपूरला निघाली. छत्तीसगड राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सेंध तलावावर 'सूर्यकिरण'च्या कसरती होत्या. मीही गेले. नऊ हॉक विमानं डोक्यावरून गेली तेव्हा शेजारच्या काकू टाळ्या वाजवायच्या ऐवजी हात जोडून उभ्या राहिल्या. मला मात्र मामांची आठवण आली. हॉक दिसलं की ते एकच वाक्य बोलतात : "हे वीस वर्षं आधी यायला हवं होतं."

मामा ओझरच्या मिग कारखान्यात फिटर होते. बाबा इथे पोलाद कारखान्यात. मामा सुट्टीत आले की क्वार्टरच्या ओट्यावर दोघांच्या गप्पा रंगत, आणि दोघांच्या बोलण्यात रशियन इंजिनिअर हटकून येत. त्यात नवल नाही. भिलाईचा करार फेब्रुवारी १९५५मध्ये झाला, पहिली भट्टी १९५९मध्ये पेटली. मिग-२१चा करार १९६२मधला. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. आराखडे रशियनमधून आले. ते इंग्रजीत आणणाऱ्यांची नावं मी अनुवादक म्हणून फार शोधली. मला ती सापडली नाहीत.

जुनी विमानं पुन्हा उडवण्याचा सोहळा मला मुळात अनुवादासारखा वाटतो. हवाई दलाचं 'परशुराम' डाकोटा घ्या. त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. पण आज उडतं ते विमान दुसरंच आहे. ते भंगारातून घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त केलं आणि २०१८मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटा चालवत असत. २०२१च्या प्रजासत्ताकदिनी दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या मधून हे विमान राजपथावरून गेलं. पुढच्या वर्षी दोन डॉर्नियरसोबत गेलं तेव्हा त्या रचनेचं नावच 'टांगाइल' होतं. ११ डिसेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानात टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले, त्यात डाकोटाही होती. एका विमानानं १९४७ आणि १९७१ दोन्हींची आठवण वाहायची! मला यात खोटेपणा दिसत नाही. मूळ प्रत हाती नसली तरी चांगला अनुवाद करता येतो, फक्त काय गाळलं ते अनुवादकाला ठाऊक हवं.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला. १९६३मध्ये ही विमानं पहिल्यांदा आली तीही तिथेच. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडाले, उतरलेल्या विमानांवर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली. निवेदक ढाक्याच्या राजभवनावरच्या १४ डिसेंबर १९७१च्या हल्ल्याबद्दल बोलत होता. मी इथे, मामा नाशिकला, फोन चालू ठेवून पाहत होतो. मामांचं वय एकोणऐंशी.

त्या दिवशी उडालेली विमानं 'बायसन' होती, म्हणजे जुन्या मिग-२१ बिसला नवं रडार, नवी यंत्रणा बसवून केलेली. अशी १२५ झाली. पहिली दोन रशियात, बाकीची १२३ ओझरला. मामांची शेवटची काही वर्षं त्यातच गेली. पडद्यावरच्या सहाही विमानांकडे ते ज्या नजरेनं पाहत असतील ती मला न दिसताही कळत होती.

मिग-२१नं शंभराहून जास्त वैमानिकांचे बळी घेतले, हेही याच इतिहासात आहे. वर्तमानपत्रांनी त्याला 'उडती शवपेटी' म्हटलं. मामांना हा शब्द कारखान्याला दिलेल्या शिवीसारखा लागत असे. त्यांच्या मते गोष्ट निराळी होती. मिग-२१ उतरताना फार वेगात उतरतं, आणि आपली कोवळी पोरं संथ विमानांवर शिकून थेट त्यावर बसत. मधली पायरीच नव्हती. ती हवी, असं ला फाँटेन समितीनं १९८२मध्ये सांगितलं. हॉकचा करार झाला २००४मध्ये आणि हॉक हवाई दलात दाखल झालं २००८मध्ये. सेंध तलावावर आम्ही ज्याला टाळ्या दिल्या ते हेच विमान. मामांचं म्हणणं मला पुष्कळसं पटतं. सगळं नाही. यंत्रातही दोष निघाले, आणि तेवढं ते फोनवर कधी बोलत नाहीत.

समारंभाच्या शेवटी हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती 'फॉर्म ७००' दिला. ही विमानाच्या देखभालीची वही. उड्डाणाआधी तंत्रज्ञ तीत सही करतो, मग वैमानिक. मानवंदनेच्या सबंध सकाळीत जमिनीवरच्या माणसांचा उल्लेख आला तो एवढाच, एका बंद वहीच्या रूपानं.

"मामा, तुमची सही असेल का हो त्यात?" मी विचारलं.

"वेडी का तू? ती स्क्वाड्रनची वही. आमच्या सह्या कारखान्यातल्या कागदांवर." थोडं थांबून म्हणाले, "उघडली का पण?"

मी चित्रण मागं नेऊन पुन्हा पाहिलं. "नाही. नुसती हातात दिली."

तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरहून तिथं जोडलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. तेव्हा फोन मामांनीच केला.